फक्त पाहण्यापुरता

१

मंगळवारी, अकरा ऑगस्टला, सकाळी पावणेदहाला आमच्या कँटीनमधला गॅसचा रेग्युलेटर फुटला आणि राधाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. राधा आमची स्वयंपाकीण. रेग्युलेटर आमच्याच कारखान्यात बनलेला. फरीदाबादच्या ज्या कारखान्यातून रोज ट्रक भरून रेग्युलेटर बाहेर जातात, त्याच्या कँटीनला ते दुसरीकडून कशाला आणतील?

त्यावरचा आकडा काळवंडला होता, तरी वाचता आला. बॅच ४१७. हीच बॅच जुलैत तपासणीत नापास झाली होती आणि अडवून ठेवली होती. अडवलेली बॅच कॉम्प्युटरवर लाल दिसते, आणि ती लाल असेपर्यंत माल बाहेर काढायची चिठ्ठी छापलीच जात नाही. तो लाल रंग काढायचा अधिकार गुणवत्ता विभागाच्या सुखदाकडे होता. सुखदा माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. पुण्याहून मीच तिला बोलावून घेतलं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्येच ती राहायची आणि माझ्याबरोबरच रोज चार्टर्ड बसने यायची.

दुसऱ्या दिवशी नोंदवही छापून काढली. कोणी, केव्हा, काय केलं हे कॉम्प्युटर आपणहून टिपून ठेवतो, ती ही नोंदवही. कारखान्याचे प्रमुख पद्माकरराव यांनी सगळ्यांसमोर ती ओळ मोठ्याने वाचली. वीस जुलै, सोमवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, बॅच ४१७ मोकळी, वापरणारा सुखदा.

सुखदाने एवढंच म्हटलं की मी हे केलेलं नाही. तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. पुढच्या शुक्रवारी चौकशी, आणि चौकशीत हेच ठरलं तर कागद पोलिसांकडे. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या नावावर एका बाईचे भाजलेले हात मांडले जाणार होते.

मी इस्पितळात राधाला भेटून आले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. देवाकडे आजवर मी कुणाचं वाईट मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. ज्याने हे केलं त्याने आपल्या हाताने तसं लिहून देईपर्यंत मीठ खाणार नाही, असा नेम धरला. यजमानांनी, म्हणजे दिलीपनी, पानातली अळणी आमटी पाहिली आणि काही विचारलं नाही. त्यांना माझे नेम पाठ आहेत.

अडचण एकच होती. कारखान्यात कोणाला कुठलं दार उघडायचं ते ठरवणं हेच माझं काम. "मॅडम, लॉगिन होत नाही", "मॅडम, स्क्रीन दिसत नाही", "मॅडम, छापत नाही", ही दिवसभराची गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. आणि नोंदवही खोटं बोलत नाही, असं दोन वर्षं सगळ्यांना मीच सांगत आले होते.

२

नोंदवहीत कुणाचंही नाव बदलता येत नाही, एक अपवाद सोडून. मास्टर नावाचं एक लॉगिन असतं. ते सगळी दारं उघडतं आणि नोंदवहीतही हात घालू शकतं. त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता, माझा सहकारी हरीश याच्याकडे होता, आणि अडीनडीला असावा म्हणून एका बंद पाकिटात घालून पद्माकररावांच्या कपाटात ठेवला होता. मी तेरा ते पंचवीस जुलै पानिपतच्या डेपोत नवी मशिनं बसवायला गेले होते, त्यामुळे त्या दिवसांत इथे काय झालं ते मला दुसऱ्यांच्या तोंडूनच कळायचं होतं.

पहिल्यांदा हरीशला विचारलं. बल्लभगढचा मुलगा, सरळ, थोडा आळशी. त्याने शपथेवर सांगितलं की मास्टरला त्याने महिनाभर हात लावलेला नाही. मग म्हणाला की दर शुक्रवारी सगळ्या माहितीची नक्कल ज्या टेपवर घेतो, तिच्यावर जुनी नोंदवही असती तर बरं झालं असतं. ती नसायची. जागा फार खाते म्हणून नोंदवही टेपवर घ्यायची नाही, हा निर्णयही माझाच. त्याच्या टेबलामागे कुठल्याशा मिठाईवाल्याचं हिंदी कॅलेंडर लटकत होतं आणि त्यावर लाल पेनाने चार-पाच गोल केलेले होते. तेव्हा मी त्याकडे नुसतं पाहिलं.

अलका सुखदाची मदतनीस. मराठी आहे, पण गाझियाबादला वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरतं. सुखदा नसेल त्या दिवशी तिचे अधिकार अलकाकडे जातात. ती घाबरली होती. वीस तारखेला ती बारा वाजताच निघाली होती. हरिद्वारहून गंगाजल आणणाऱ्या कावडवाल्यांसाठी दुपारनंतर गाझियाबादचा रस्ता बंद होणार होता, "नंतर निघाले असते ना ताई, तर बिल्कुल अटकले असते." गेटपासच्या वहीत तिची सही आणि वेळ होती. जाता जाता तिने माझ्याकडेच गाऱ्हाणं केलं. दहा ऑगस्टला सुखदा दुपारी गेली तेव्हा अधिकार तिच्याकडे आलेच नव्हते आणि मला ते हाताने द्यावे लागले होते. ते मला आठवत होतं. हरीश विसरला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

पद्माकररावांकडे मी पाकीट मागितलं. त्यांनी कपाटातून लगेच काढून दिलं. चांगलं चिकटवलेलं, कोरं करकरीत पाकीट. "उघडलेलं दिसतंय का कुठे, कुसुमताई?" त्यांनी विचारलं. मी उलटसुलट करून पाहिलं. उघडलेलं दिसत नव्हतं. मी ते परत दिलं.

बसमध्ये बसल्यावर काहीतरी खटकत राहिलं, पण काय ते सापडेना.

३

सतरा तारखेला शेवटचा श्रावणी सोमवार. दरवर्षी त्या दिवशी दिल्लीतली एक-दोन मराठी घरं आमच्याकडे उपास सोडायला येतात. यंदा बोलावणं दिलं नव्हतं, तरी पद्माकरराव आणि त्यांची बायको शालिनी आले. धीर द्यायला आलो म्हणाले. मी त्यांना नेहमीसारखं वाढलं. मसालेभात, मठ्ठा, खीर. सुखदा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

जेवताना त्यांनी मला हळूच सांगितलं की सुखदाने आपणहून राजीनामा द्यावा. मग ते मालकांच्या मुलाशी, गौरवसाहेबांशी बोलतील आणि पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाहीत. पोरीचं लग्न व्हायचंय, असंही म्हणाले. मग माझ्या पानाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हे काय, अळणी? अळणी खाऊन देव पावतो का, कुसुमताई?"

"देव पावावा म्हणून नाही धरलं, पद्माकरराव," मी म्हटलं आणि त्यांना आणखी भात वाढला.

ते गेल्यावर सुखदा बाहेर आली. ती राजीनाम्याचा विचार करत होती, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. लहानपणापासून ती असं ठरवताना बोटं मोडते. मी तिला म्हटलं, वीस जुलैची सकाळ मला पहिल्यापासून सांग, क्षुल्लक वाटलं तरी सांग. तिने सांगितलं. विशेष काहीच नव्हतं. फक्त सिस्टिम रुसली होती. सव्वाअकराला एक लहान बॅच मोकळी करायला गेली तर "अधिकार नाही" असं आलं. हरीशला विचारलं तर तो म्हणाला, "आज तो आपका सोमवार है, मैडम." तिला वाटलं तो चेष्टा करतोय. शेजारीच अलका होती, तिने "मी करते ना" म्हणून ती बॅच काढून टाकली. विषय संपला.

"असं आधी कधी झालं होतं?"

"त्याच्या आधीच्या सोमवारी. तेरा तारखेला. तेव्हाही अलकानेच केलं. मावशी, त्या दिवसांत सोमवार आला की सिस्टिमला काहीतरी व्हायचंच."

माहेरच्या नात्याने मी तिची आत्या, पण ती लहानपणापासून मला मावशीच म्हणते. मी उठले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले. आमचं मराठी कॅलेंडर, पुण्याहून भावाने पाठवलेलं. श्रावण चोवीस जुलैला लागला होता. श्रावणी सोमवार सत्तावीस जुलै, तीन, दहा आणि सतरा ऑगस्ट. वीस जुलैला आषाढ चालू होता.

मला हरीशच्या पाठीमागचे ते लाल गोल आठवले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी ते कॅलेंडर जवळून पाहिलं. गोल तेरा जुलै, वीस जुलै, सत्तावीस जुलै आणि तीन ऑगस्टभोवती होते. खाली हरीशच्या अक्षरात लिहिलं होतं, सुखदा मैडम, सावन.

सहा जुलैला सुखदाने अर्ज दिला होता. श्रावणातल्या सोमवारी दुपारनंतर मी नसेन, माझे अधिकार अलकाकडे द्यावेत. अधिकार बदलायचे तर अर्ज हवाच, हा माझा नियम. त्या अर्जावर तारखा नव्हत्या आणि खाली माझी सही होती. मी तारखा विचारल्या नाहीत, कारण विचारायचं काय? श्रावण म्हणजे श्रावण. आणि हरीशने विचारल्या नाहीत, कारण त्याच्याही दृष्टीने सावन म्हणजे सावन. पण इकडे उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो आणि आपल्याकडे अमावास्येनंतर. यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. बारा वर्षं दिल्लीत राहून मला हे ठाऊक होतं, आणि सही करताना आठवलं नाही. हरीशने त्याच्या श्रावणाच्या चारही सोमवारी सुखदाचे अधिकार दिवसभरासाठी काढून अलकाला दिले होते. म्हणून तेरा आणि वीसला सुखदा जागेवर असून तिला दार उघडत नव्हतं, आणि दहा ऑगस्टला ती घरी गेली तरी अधिकार तिच्यापाशीच अडकले होते.

ही अधिकारांची यादी वेगळी असते. नोंदवहीत काय घडलं ते येतं, यादीत काय घडू शकतं ते. ती फारसं कोणी उघडून पाहत नाही. मी दोन्ही छापून घेतल्या आणि पिशवीत, पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवल्या. त्याच वेळी पाकिटाचं कोडंही सुटलं.

शुक्रवारी चौकशीला गौरवसाहेब बसले होते, पद्माकरराव, हरीश, अलका, सुखदा आणि मी. सुखदाच्या पर्समध्ये राजीनामा लिहिलेला होता. मी तो मागितला नाही, फक्त म्हटलं, माझं बोलणं होईपर्यंत पर्स उघडू नकोस.

मग मी पद्माकररावांना एकच प्रश्न विचारला. वीस जुलैला दुपारी सुखदा खरंच जागेवर होती का? सोमवार होता, आणि श्रावणी सोमवारी ती लवकर जाते.

ते हसले आणि गौरवसाहेबांना कळावं म्हणून हिंदीत बोलले. "मैडम भूल रही हैं. हमारा सावन तब लगा ही कहाँ था? वो तो चौबीस से लगा. बीस को सुखदा पूरा दिन अपनी सीट पर थी, मैंने खुद देखा है."

मी विनंती केली की हे वाक्य चौकशीच्या कागदावर जसंच्या तसं लिहावं. गौरवसाहेबांनी लिहिलं. मग मी अधिकारांची यादी टेबलावर ठेवली.

यादीत वीस जुलैला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत सुखदाचा अधिकार बंद होता. चार वाजून दहा मिनिटांनी तिने कितीही प्रयत्न केला असता तरी बॅच मोकळी झालीच नसती. सकाळी सव्वाअकराला तिला "अधिकार नाही" असं आलं होतं, ते हरीशच्या तक्रारवहीत होतं. अधिकार अलकाकडे होता, पण अलका बारा वाजताच गेटबाहेर पडली होती. म्हणजे त्या दुपारी अडवलेली बॅच सोडू शकेल असं एकही लॉगिन कारखान्यात नव्हतं, मास्टर सोडून. ज्याने बॅच सोडली त्याने मास्टरने सोडली. राधाचे हात भाजल्यावर त्यानेच नोंदवही उघडून मास्टरच्या जागी सुखदाचं नाव घातलं.

पद्माकरराव शांतच होते. मास्टर हरीशकडेही असतो, असं त्यांनी सुचवलं. माझ्याकडेही असतो, हे मी जोडलं. मी पानिपतला होते, आणि तसंही माझ्याच भाचीला कशाला बुडवीन? राहिला हरीश.

"साहेब," मी गौरवसाहेबांना हिंदीत म्हटलं, "अधिकार हरीशनेच काढले होते. त्या दिवशी सुखदाचा अधिकार दिवसभर बंद आहे हे या खोलीत फक्त त्याला माहीत होतं. कुणाला अडकवायचंच असतं तर त्याने अलकाचं नाव घातलं असतं. सुखदाचं नाव कोण घालील? ज्याला हरीशचे गोल ठाऊक नाहीत, पण आपला श्रावण अजून लागलेला नाही आणि सुखदा जागेवर आहे हे पक्कं ठाऊक आहे, तो. ते आताच कागदावर आलंय."

हरीशने पद्माकररावांकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

मी पाकीट मागवलं. सिस्टिम बसली त्या दिवशी मी सर्व्हरपासून कीबोर्डपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि ते पाकीट चिकटवल्यावर त्याच्या जोडावरही बोट टेकवलं होतं. कुंकवाचा डाग कागदावरून जात नाही. कपाटातून आलेलं पाकीट पांढरं शुभ्र होतं. आत चिठ्ठी तीच होती. पाकीट दुसरं होतं.

५

तरी पद्माकररावांनी कबूल केलं नाही. सिस्टिममध्ये गडबड असेल म्हणाले, पाकीट शिपायाने बदललं असेल म्हणाले. ते इतकं सावकाश बोलत होते की मला त्यांच्या पानात वाढलेला भात आठवला. वीस जुलैला मालाची एक गाडी निघायलाच हवी होती. पुण्याच्या नव्या कारखान्याचं प्रमुखपद पद्माकररावांना मिळणं त्या गाडीवर अवलंबून होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गौरवसाहेबांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की त्यांना पटलं आहे. सुखदा सोमवारपासून कामावर येईल. पद्माकररावांना महिनाभराची नोटीस, रोज येऊन आपल्या केबिनमध्ये बसायचं, कशालाही हात लावायचा नाही. पण लेखी काही नाही. पोलिसांना नुसता तर्क चालत नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या कागदावर सध्या दोन्ही नावं राहतील, सुखदाचं आणि पद्माकररावांचं.

"त्यांचे सगळे राइट्स काढून टाका, मॅडम. आजच."

"सगळे?"

"पाहायला काही ठेवायचं असेल तर ठेवा. बदलता यायला नको."

मी जागेवर येऊन बसले. एकेक अधिकार काढला. माल, खरेदी, पगार, पत्रं, छपाई. मास्टरचा पासवर्ड बदलला. काढताना माझा हात अगदी स्थिर होता, आरती करताना असतो तसा. शेवटी एकच ठेवला. वीस जुलैची ती ओळ. सकाळी लॉगिन केलं की त्यांच्या पडद्यावर पहिली तीच येईल आणि दुसरं काही येणारच नाही. नाव बदलता येणार नाही, ओळ बंद करता येणार नाही. फक्त पाहता येईल.

त्यांच्या केबिनला काचा आहेत. येणाराजाणारा पाहत असे. राधा हातांना पट्ट्या बांधून कँटीनमध्ये परत आली, चपात्या लाटता येत नसल्या तरी देखरेखीला, आणि दुपारी काचेपाशी दोन मिनिटं उभी राहून जात असे. पद्माकररावांनी पहिले दोन दिवस कॉम्प्युटर बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी गौरवसाहेबांनी निरोप पाठवला की हजेरी आता लॉगिनवरून धरली जाते. ते मीच सुचवलं होतं.

शालिनी एकदा घरी येऊन रडली. मी तिला चहा दिला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हटलं की हा नेम त्यांच्या आणि माझ्या मधला आहे, तू यात पडू नकोस. सुखदाने मला विचारलं, "मावशी, आता पुरे नाही का झालं?" मी तिला पोलिसांच्या कागदावरचं तिचं नाव आठवायला सांगितलं. भाद्रपद लागला, गणपती आले. दिलीपनी मंडळात आरतीला पद्माकररावांच्या शेजारी उभं राहायचं टाळलं. घरी नैवेद्य पूर्ण केला, माझं पान मात्र अळणीच.

नोटिशीच्या अकराव्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. दाढी वाढली होती. बसले नाहीत.

"कुसुमताई, ती ओळ तेवढी काढा. पाहवत नाही."

त्यांच्यावर दया यावी अशी माझी इच्छा होती. आली नाही. मी खणातून अधिकार बदलायचा अर्ज काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. या सगळ्या गोंधळानंतर मी त्यात एक नवा रकाना घातला होता, तारखांचा. बाकी पूर्वीचेच. नाव, कोणता अधिकार, कारण.

"नियम सगळ्यांना सारखा, पद्माकरराव," मी म्हटलं. "कारण लिहिल्याशिवाय मला काही बदलता येत नाही. सविस्तर लिहा. खाली सही."

त्यांनी नावाचा रकाना भरला. तारखेचा भरला, आणि वीस जुलै लिहिताना थोडे थांबले. कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि लिहू लागले. रकाना भरला तसं त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिले.

मी डबा उघडला. शेजारच्या टेबलावर अलका जेवत होती. तिच्या डब्याच्या झाकणात कांद्याबरोबर खायला काढलेलं थोडं मीठ होतं.

"अलका," मी म्हटलं, "ते जरा इकडे दे."